वहिनीचं गोव्याचं लायसन्स, आणि आडनावावरची दोन टिंबं

आमची वहिनी जर्मन. लग्नाला इतकी वर्षं झालीत की घरात आता कुणाच्या ते लक्षातसुद्धा येत नाही, चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधताना कुठलं फळ कुठं बांधायचं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि पोदेराशी (पाववाल्याशी) ती कोंकणीतच बोलते. पण ऑफिसात कुठलाही फॉर्म भरायचा म्हटला की नागरिकत्वाचा रकाना येतो आणि तिथून पुढं सगळं वेगळं होतं. या वर्षी तिचं गोव्याचं ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू करायचं होतं, ते सगळं मी तिच्यासोबत बसून केलं, आणि गोव्यात अशी घरं आता बरीच आहेत (कुणाची सून पोर्तुगालची, कुणाचा जावई इंग्लंडचा, कुणी स्वतःच पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन परत गावात येऊन राहिलाय) म्हणून सविस्तर लिहितेय. इंटरनेटवर जे सापडतं ते एकतर आपल्या लोकांसाठी असतं नाहीतर टुरिस्टांसाठी, मधल्या माणसांसाठी कुणी काही लिहीत नाही.

तिचं लायसन्स २००८ चं. तेव्हाचा नियम असा होता की पन्नाशीच्या आतल्या माणसाला लायसन्स वीस वर्षांसाठी किंवा पन्नास पूर्ण होईपर्यंत, दोन्हीपैकी जे आधी येईल तोपर्यंत. म्हणजे कार्डावरची तारीख तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाजवळची. २०१९ ला मोटार वाहन कायदा बदलला आणि हे गणितही बदललं. आता तिशीच्या आत असाल तर चाळीस होईपर्यंत, तीस ते पन्नासमध्ये असाल तर दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये असाल तर साठ होईपर्यंत, आणि पंचावन्नच्या पुढं पाच पाच वर्षं. वहिनीला कसंही धरलं तरी साधारण साठीपर्यंतचं मिळणार होतं. दुसरा मोठा बदल म्हणजे पूर्वी तारीख संपल्यावर तीस दिवस लायसन्स चालायचं, ती सवलत गेली. अजूनही कितीतरी लोक सांगतात की महिनाभर चालतं गो, काही होत नाही. नाही चालत. अर्ज मुदत संपायच्या आधी वर्षभर करता येतो आणि संपल्यावर वर्षभर करता येतो, पण संपल्यावर केला तर नवं लायसन्स रिन्यू झाल्याच्या तारखेपासून धरतात, मधले दिवस तुम्ही बिनलायसन्सचे. आणि वर्ष उलटून गेलं तर परत टेस्ट द्यायची.

वहिनीला हे ऐकून खूप नवल वाटलं कारण तिच्या देशात ही भानगडच नव्हती. तिनं अठराव्या वर्षी काढलेलं लायसन्स म्हणजे गुलाबी कागदाची घडी, त्यावर मुदतच नाही, एकदा काढलं की जन्मभर. तिकडेही १९ जानेवारी २०१३ पासून नवीन कार्डं पंधरा वर्षांची झालीत आणि जुनी सगळी २०३३ पर्यंत टप्प्याटप्प्यानं बदलून घ्यायची आहेत, १९७१ मध्ये किंवा नंतर जन्मलेल्यांच्या कागदी लायसन्सची तारीख होती १९ जानेवारी २०२५. टेस्ट नाही की डॉक्टर नाही, फक्त फोटो देऊन कार्ड बदलायचं, हक्क काही जात नाही. पण कागद म्हणून तो गुलाबी तुकडा आता संपला. त्यामुळं वहिनीसाठी गोव्याचं कार्ड हेच खरं लायसन्स, आणि ते संपू देणं आम्हाला परवडणारं नव्हतं, कारण घरात आईला डायलिसिसला न्यायला गाडी तीच चालवते. दादा आठवडाभर बाहेर असतो. चोर्ला घाट पावसात, धुक्यात, समोरून खडीचे ट्रक येत असताना ती जशी चालवते तशी मला चालवता येत नाही.

आता मूळ मुद्दा. आपलं लायसन्स रिन्यू करायचं म्हणजे एक काम. परदेशी माणसाचं म्हणजे कागदांची उतरंड, सगळ्यात खाली पासपोर्ट, त्यावर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, परदेशी नागरिकाला इथं राहता येतं ते कार्ड), त्यावर आधार, त्यावर लायसन्स, आणि खालचं मडकं हललं की वरची सगळी हलतात. वहिनीकडं ओसीआय आहे (भारतीयाशी लग्न नोंदवून दोन वर्षं झाली की अर्ज करता येतो), आणि जोडीदार म्हणून ओसीआय मिळालेल्यांना नवा पासपोर्ट आला की तीन महिन्यांत तो ओसीआयच्या साइटवर अपलोड करायचा असतो. ते आधी बघा. आधार परदेशी माणसालाही मिळतं, अट एवढीच की आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस किंवा जास्त इथं राहिलेलं असलं पाहिजे. पण ओसीआयवाल्यांचं आधार दहा वर्षांचं असतं आणि बाकी बहुतेक परदेशी लोकांचं व्हिसाच्या मुदतीइतकंच, आपल्यासारखं कायमचं नाही. म्हणजे लायसन्सच्या आधी आधारची तारीख बघायची.

सारथीच्या, म्हणजे लायसन्सच्या सरकारी साइटवर राज्य गोवा निवडलं, मग डीएल (ड्रायव्हिंग लायसन्स) सर्व्हिसेस, रिन्यूअल. आधारनं ओटीपी देऊन घरबसल्या करायची सोय २०२१ पासून आहे, टेस्ट लागत नसेल तर रिन्यूअलही त्यात बसतं. आमचं तिथंच अडलं. नाव जुळत नाही.

वहिनीनं माहेरचं आडनाव ठेवलंय आणि त्यात जर्मन यू आहे, डोक्यावर दोन टिंबं असलेला. २००८ ला लायसन्स करताना कुणीतरी सरळ साधा यू टाकला. पासपोर्टवर वरती टिंबांसकट छापलंय, पण पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी तळाला मशीननं वाचायच्या ज्या दोन ओळी असतात ना, बाणाच्या टोकांसारख्या खुणांनी भरलेल्या, तिथं तोच यू ‘यूई’ असा दोन अक्षरांत येतो. ओसीआय त्या ओळींवरून झालं, आधार ओसीआयवरून. म्हणजे एकाच बाईचं आडनाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं, आणि कुठंही कुणाचं चुकलेलं नाही. स्पॅनिश, पोर्तुगीज, स्वीडिश, ज्यांच्या ज्यांच्या नावात टिंबं, शेपट्या, लाटा आहेत त्या सगळ्यांनी हे आधी तपासा.

मग लायसन्सच्या सरकारी ऑफिसात गेलो. बाहेर एजंट होता, त्यानं बघितलं आणि म्हणाला पैसे द्या, नवीनच काढून देतो. नवीन कशाला? सतरा वर्षांचं चांगलं लायसन्स आहे, एक दंड नाही त्यावर. माझं स्पष्ट मत आहे की परदेशी माणसाच्या केसमध्ये एजंट घेऊच नये, त्याला रोजच्या केसेस पाठ असतात, ही त्याला माहीत नसते, आणि माहीत नसलं की तो सोपा रस्ता काढतो आणि पुढं दहा वर्षं तो रस्ता आपल्याला निस्तरावा लागतो. काउंटरवर एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी कागद लावून बघितले आणि म्हणाल्या, “बाये, हें नांव जुळना मगे.” वहिनीनं काही वाद घातला नाही, पासपोर्ट उघडला, वरचं नाव बोटानं दाखवलं, मग बोट सरकवत खालच्या ओळीवर आणलं आणि कोंकणीतच सांगितलं की हें आनी हें एकूच. बाईंनी चष्मा वर करून पान डोळ्यांजवळ नेलं, एक एक अक्षर मोजल्यासारखं वाचलं, मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून दाखवलं. एकाच पानावर, एकाच सरकारनं छापलेली दोन्ही स्पेलिंगं. त्यांना पटलं. त्यांनी सुचवलं की रिन्यूअलच्या अर्जासोबतच नावाच्या दुरुस्तीचाही अर्ज टाका, सारथीवर एकाच वेळी दोन सेवा निवडता येतात, म्हणजे कार्ड आधारसारखंच होईल आणि पुढच्या वेळी हा प्रश्नच राहणार नाही. सोबत नोटरीचं प्रतिज्ञापत्र आणि त्या पासपोर्टच्या पानाची झेरॉक्स. इतक्या शांतपणे आणि नीट त्यांनी ते सांगितलं की मला त्यांचं मनापासून कौतुक वाटलं.

पत्ता ही दुसरी गोष्ट. जुना पत्ता ती पहिल्यांदा आली तेव्हा भाड्यानं राहायची त्या किनाऱ्याजवळच्या खोलीचा. आता आमच्या घरी राहते, पण गोव्यात घरं कुणाच्या नावावर असतात ते माहितीय, लाईटचं बिल आजोबांच्या नावावर, घरपट्टी आजोबांच्या नावावर, एक-चौदावर (जमिनीच्या उताऱ्यावर) त्यांच्याही भावांची नावं. ती नावं बदलायची तर वाटण्या व्हायला पाहिजेत, त्या कधी होणार कुणास ठाऊक. अशा वेळी आधारवर बरोबर पत्ता असणं हाच मार्ग, तो आम्ही आधीच बदलून घेतला होता म्हणून निभावलं.

चाळीस वर्षं झालेल्यांना डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म १-ए. कितीतरी जण हा फॉर्म न तपासता सही करून घेतात आणि मला ते बिलकूल पटत नाही, ज्या रस्त्यांवर आपली पोरं शाळेला चालत जातात त्या रस्त्यांचा हा प्रश्न आहे. आमच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. लायसन्सच्या फॉर्ममध्ये तुमच्याबद्दल एक प्रश्न असतो, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का. डॉक्टरांनी वहिनीला दवाखान्याच्या व्हरांड्यात आणलं, चष्मा घालून उभं केलं आणि रस्त्यापलीकडं वडाखाली लावलेल्या स्कूटरचा नंबर विचारला. ती रेन्ट-अ-बाईकची होती, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, आणि अर्धी पाटी चिखलानं भरलेली. तिनं वाचला. मग चष्मा काढून वाच म्हणाले, तेव्हा शेवटचे दोन आकडे तिला नाही आले. त्यांनी फॉर्मवर चष्म्याचं लिहिलं. मग रंग बघितले, कान बघितले, रात्री समोरून हेडलाईट आली की त्रास होतो का ते विचारलं. ती म्हणाली हो, हल्ली होतो. त्यावर ते दहा मिनिटं बोलले, काच आतून पुसत जा, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून ये. ती दाखवून आली, मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे, आत्ता काही करायचं नाही पण लक्ष ठेवायचं. त्या एका फॉर्मामुळं ते कळलं.

फी म्हणाल तर फार नाही, केंद्राच्या नियमाप्रमाणं रिन्यूअलचे २०० आणि स्मार्ट कार्डचे २००, नावाच्या दुरुस्तीचे वेगळे. आणि हे न करता गाडी चालवली तर कायद्यात ५,००० रुपये दंड आहे, शिवाय गाडी ज्याच्या नावावर तोही अडकतो, त्यालाही ५,०००. आमची गाडी दादाच्या नावावर. त्याहून मोठी भीती इन्शुरन्सची, लायसन्स चालू नसताना काही झालं तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी सरळ नाकारू शकते.

वहिनीच्या ओळखीची इथं राहणारी काही परदेशी मंडळी आहेत, त्यातली बरीच इंटरनॅशनल परमिटवर वर्षानुवर्षं स्कूटर फिरवतात. ते परमिट म्हणजे स्वतंत्र लायसन्स नव्हे, मूळ लायसन्ससोबतच चालतं आणि फिरायला आलेल्या माणसासाठी असतं. इथं घर केलंत, पोरं इथल्या शाळेत जातात, तर इथलं लायसन्स काढा. आपले लोक बाहेर हेच करतात ना. माझा आतेभाऊ दुबईला, त्याला पहिलं लायसन्स दोन वर्षांचं मिळालं, मग पाच पाच वर्षांचं, दर वेळी तिथल्या मान्यता असलेल्या चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळे तपासायचे, रिपोर्ट थेट त्यांच्या आरटीएच्या (तिथल्या वाहतूक खात्याच्या) कॉम्प्युटरला जातो, राहिलेले दंड भरल्याशिवाय पुढं सरकत नाही. इंग्लंडमध्ये स्विंडनला गेलेली शेजारची मुलगी, तिथं राहायला गेल्यापासून बारा महिने आपलं लायसन्स चालतं आणि मग तिथली टेस्ट द्यावीच लागते, तिनं पावसात लहान मुलाला सांभाळत शिकून दिली. बाहेर आपण जे निमूटपणे पाळतो ते इथं येणाऱ्यानं पाळावं, आणि तो पाळायला तयार असेल तर आपण त्याला वाट दाखवावी, एवढं मला मनापासून वाटतं.

कार्ड आलं. आडनाव आधारसारखं, पत्ता गावचा. डिजिलॉकरमध्ये पण दिसतं आता, ते कायद्यानं चालतं, पण वहिनी कार्ड जवळ ठेवतेच कारण घाटात नेटवर्क नसतं.

कुणाच्या घरी असं असेल तर मुदतीच्या वर्षभर आधी बसा आणि पहिल्या दिवशी लायसन्सला हातच लावू नका. पासपोर्ट, ओसीआय किंवा व्हिसा, आधार आणि लायसन्स असे चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नावाचं एक एक अक्षर, जन्मतारीख आणि पत्ता ताडून बघा, फरक सापडला तर खालून वर दुरुस्त करत या. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना तेही बघा, आमच्या एका ओळखीच्या बाईंचा नंबर त्यांच्या वारलेल्या नवऱ्याच्या नावावर होता आणि तो बंद पडलेला, ओटीपी येणार कुठून. अडलात तर खाली लिहा, मला माहीत असेल तेवढं सांगेन, आणि नावात टिंबं असलेल्यांना वहिनी स्वतः उत्तर देईल म्हणालीय.