पोत्यात हात घातला तर गरम

पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात गिऱ्हाईकाचा पहिला फोन कायम एकाच सुरात येतो. "उंदीर लई झाल्यात, औषध टाकून जावा." हाही तसलाच. फक्त समोरचा हॉटेलवाला नव्हता की गुळाचा व्यापारी नव्हता. कोल्हापूरबाहेर हायवेला लागून छोटी मायक्रोब्रुअरी काढलेला तिशीतला पोरगा होता.

जुलैचा महिना, पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर आलेलं. अशा दिवसांत उंदीर-घुशी वर सरकतात, म्हणून मला उसंत नसते. तरी गेलो, कारण बिअरचं धान्य मी कधी हाताळलं नव्हतं.

पोरगा इंग्लंडात शिकलेला. तिकडं १९६३ पासून घरी बिअर काढायला परवाना लागत नाही, त्यामुळं हा तिथं स्वयंपाकघरातच हात बसवून आलेला. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, घरी काढायची सोय नाही, म्हणून रीतसर परवाना घेऊन धंदाच टाकला. पण माल ठेवायची सवय तिकडचीच. "तिथं जिन्याखाली पोतं असायचं, कधी किडा दिसला नाही," म्हणाला. बरोबर आहे. तिथली थंडी याची राखण करत होती. साधारण पंधरा अंशांखाली सोंडे वाढतच नाहीत. आपल्याकडं वैशाखापासून दिवाळीपर्यंत त्यांना रान मोकळं.

त्यानं मला थेट गोडाऊनकडं ओढलं. मी आधी बाहेरून फेरी मारली. उंदीर कुठं खातो यापेक्षा कुठं राहतो आणि कुठं पाणी पितो ते आधी बघायचं असतं. मागच्या पत्र्याच्या शेडखाली चोथ्याचे उघडे ड्रम होते. बिअरसाठी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, गरम पाण्यात भिजवून गोड पाणी काढून घेतलं की मागं राहतो तो हा चोथा. शंभर लिटर बिअरमागं वीसेक किलो ओला चोथा निघतो आणि त्यात पंच्याहत्तर-ऐंशी टक्के पाणीच असतं. हे ड्रम दोन दिवसांचे. आंबट वास डोळ्यात जात होता, वरच्या थरात अळ्या वळवळत होत्या. कंपाउंडच्या भिंतीशी घुशीनं ताजी माती उकरून काढलेली. जेवण आणि पाणी एकाच ड्रममध्ये मिळत असेल तर घूस बिऱ्हाड दुसरीकडं कशाला करेल?

मग आत. पोती सरळ फरशीवर, भिंतीला चिकटून. खालच्या एका पोत्याचा कोपरा कुरतडलेला, दाणे सांडलेले. सगळ्यांचं लक्ष त्या भोकावर. मी शेजारच्या धड पोत्याचं तोंड सोडलं आणि कोपरापर्यंत हात घातला. आत गरम लागलं. बाहेर पावसाचा गारवा आणि पोत्याच्या पोटात ऊब! किडा दाटला की धान्य तापतं, हे गव्हाच्या गोदामांत बघितलेलं. मूठभर दाणे स्टीलच्या ताटात पसरले. चांगला दाणा पिवळसर, भरलेला. मधूनमधून एखाद्याला टाचणीनं पाडल्यासारखं गोल भोक, आणि एका भोकातून सोंड बाहेर काढून बसलेला काळपट सोंडा, तिळापेक्षा जरा मोठा. पोरगा ताटावर वाकला तो बराच वेळ सरळ झाला नाही.

"चाळून घेतलं तर?" त्यानं विचारलं. चाळून पळणारे किडे जातात, पण मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून बूच मारते. अळी आतलं खाऊन महिनाभरानं किडा होऊनच बाहेर येते. चाळणीला ती दिसणार कशी? दळलेल्या माल्टची अर्धी पिशवी तर वेगळंच प्रकरण होतं. त्यात तांबडे भुंगेरे आणि पतंगाच्या अळीची जाळी. फुटलेला दाणा या दोघांना फार सोपा जातो. चक्कीखाली पिठाचा थर साचलेला, तिथून त्यांना रोजचा रतीब.

मुकादम म्हणाला, "सेल्फॉसच्या गोळ्या टाकू की, रात्रीत साफ." इथं माझा आवाज चढला. त्या गोळीला दमट हवा लागली की फॉस्फिन वायू सुटतो. उंदीर आणि माणूस त्याला सारखेच. भिंतीपलीकडं लोक जेवतात, वर कामगार झोपतात. ती गोळी कुणीही दुकानातून आणून टाकायची वस्तू नाही, आणि असल्या जागेत मी स्वतःही टाकणार नाही.

मालकाच्या आईनं गव्हासारखं एरंडेल चोळायचं सुचवलं होतं. घरच्या गव्हाला उत्तम. पण तेल लागलं की बिअरला फेस धरत नाही, हे त्या पोरानंच मला सांगितलं. तेवढी अक्कल मीही घेतली.

काम त्याच दुपारी सुरू केलं. किडलेली पोती बाहेर. सगळे ड्रम रिकामे करून धुतले. चक्की उघडून व्हॅक्यूमनं झाडली, पाण्यानं नाही; ओलं पीठ फटीत बसलं की पुन्हा तेच. चांगला माल घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात, पिंप फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागं झाडू आणि बॅटरीचा उजेड पोचतो. माल्टमध्ये ओल जेमतेम चार-पाच टक्के असते, कोल्हापूरच्या पावसात पोतं उघडं राहिलं की ते लगेच सादळतं. भाजक्या माल्टची एक-दोन किलोची पाकिटं आली की आधी आठवडाभर डीप फ्रीजरला, उणे अठराला. बाहेर काढल्यावर गारठा उतरून खोलीइतकं होईपर्यंत पाकीट फोडायचं नाही, नाहीतर दाण्यावर दव धरतं. आणि दळायचं ते लागेल तेवढंच, त्याच दिवशी. दाराखालच्या फटीत मी पेन्सिल सारून दाखवली. पेन्सिल गेली म्हणजे घरातला बारका उंदीरही जातो. तिथं पत्र्याची पट्टी ठोकली.

चोथ्याचा प्रश्न शेजारच्या गावच्या एका म्हैसवाल्यानं सोडवला. कोल्हापुरात गंगावेशीत दूध घालणारा माणूस, चोथा चिमटीत घेऊन हुंगला आणि अटी घातल्या. "आजचा आज द्यायचा. आंबलेला आणला तर तुमच्या दारात ओतून जाईन. म्हशीचं पोट बिघडलं तर दूध कोण देणार, तुम्ही?" सुरुवातीला वैरणीत मूठ-मूठ मिसळणार, अंगी लागला तर वाढवणार. शंभर टक्के शहाणा माणूस. तो येणार नाही त्या दिवशी चोथा उसाच्या पाचटात थरावर थर देऊन खड्ड्यात, वर पाचटाचा जाड थर. नुसता ओला गोळा टाकला तर माश्या आठवडा-दहा दिवसांत नवी पिढी काढतात.

विषाचं आमिष मी सगळ्यात शेवटी लावलं, तेही कंपाउंडला बाहेरून, कुलूपबंद पेट्यांत. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो; ड्रमभर चोथा समोर असताना तो त्या पेटीकडं ढुंकूनही बघत नाही. चोथा हलल्यावर मात्र पेट्यांतलं आमिष खाल्लेलं दिसू लागलं, घुशीची बिळं थंडावली. बिळांच्या तोंडात कागदाचा बोळा कोंबून ठेवायचा आणि सकाळी बघायचा, ही आमची जुनी खूण. बोळे जागच्या जागी राहायला लागले तेव्हा बिळं बुजवली.

बिल दिलं तेव्हा मालकानं दोनदा वाचलं. "पण औषध तर बाहेरच चार पेट्यांत आहे, मग एवढं कशाचं?" मी म्हटलं, पत्र्याची पट्टी, व्हॅक्यूम, दोन माणसांची मजुरी, आणि ताटात जो सोंडा दाखवला तो. पैसे दिले त्यानं. पण पुढच्या महिन्याची फेरी मात्र घासाघीस करून निम्म्या दरात पाडून घेतली.