टक्केवारीचा तास बेदाण्याच्या शेडवर

दहावीच्या निकालानंतर पाहुणा बोलावून दोन तासांचं करिअर मार्गदर्शन ठेवलं की काम झालं, असं बऱ्याच शाळांत धरलं जातं. तोवर उशीर झालेला असतो. करिअर निवडीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांच्या १९८१ च्या मांडणीनुसार मुलं सहा ते आठ वर्षांची असतानाच 'हे बायकांचं, ते पुरुषांचं' म्हणून कामं वगळू लागतात. नऊ ते तेरा या वयात प्रतिष्ठेची कात्री लागते, म्हणजे 'हलकी' वाटणारी कामं गळतात. नववीत आलेल्या मुलीने कितीतरी कामं आधीच बाद केलेली असतात, तीही एकदाही जवळून न बघता.

म्हणून कामांची ही ओळख रोजच्या विषयातच बसवावी. करिअर शिक्षणाचे अभ्यासक बिल लॉ यांनी १९९६ मध्ये करिअर शिकण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: टिपणं, चाळणं, नेमकं धरणं, समजणं. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात त्यासाठी द्राक्षं वाळवून बेदाणा करायचं शेड पुरेसं आहे. हंगाम फेब्रुवारी-मार्चचा, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या आत.

टिपताना घोळ होतो. 'काय पाहिलं ते लिहा' म्हटलं की वहीत 'खूप माहिती मिळाली' एवढंच येतं. त्याऐवजी चौघांच्या गटाला एकच माणूस द्यावा आणि वीस मिनिटांत त्याच्या कामाची दहा क्रियापदं मागावीत: बुडवतो, पसरतो, चाखून बघतो, दर बोलतो. मुलींचा गट सौद्यात, मुलांचा निवडणीवर, हे मुद्दाम करायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात याद्या शेजारी ठेवून चाळायच्या: कुठल्या कामात हिशोब जास्त, कुठल्यात नजर, जोखीम कुणाची.

मग गणित. द्राक्षात ७८ टक्के पाणी आणि बेदाण्यात १५ टक्के धरलं, तर १०० किलो द्राक्षांचा बेदाणा किती? मुलं ७८ मधून १५ वजा करतात, ६३ किलो पाणी उडालं म्हणतात आणि ३७ किलो उत्तर काढतात. दोन टक्केवाऱ्या वेगवेगळ्या वजनांच्या आहेत, हे इथे निसटतं. पाणी सोडून उरलेला, न बदलणारा भाग २२ किलोंचा. तो बेदाण्यात ८५ टक्के होतो, म्हणून २२ ÷ ०.८५, सुमारे २५.९ किलो. शेडवरचा 'चार किलोला एक किलो' हा हिशोब इथून येतो. द्राक्ष विकावं की बेदाणा करावा, हा निर्णय याच आकड्यावर उभा असतो, आणि तो घेणारा माणूस मुलांनी कालच पाहिलेला असतो.

गुण मात्र द्यायलाच हवेत. शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांचा आग्रह हाच होता की उद्दिष्ट, कृती आणि मूल्यमापन एका ओळीत हवं. परीक्षेत न विचारलेलं मुलं सोडून देतात, त्यात त्यांचा दोष नाही. दहापैकी चार गुण गणिताच्या उदाहरणाला, सहा 'वगळलेलं एक काम पुन्हा यादीत घ्यायचं का, कारणासह' या उत्तराला. 'नाही' लिहिलं तरी कारण पक्कं असेल तर पूर्ण गुण.

पाहुणा बोलवायचाच असेल तर त्याच गावातली, चार-पाच वर्षांनी मोठी मुलगी बोलवा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांच्या सिद्धांतात आपल्यासारख्या माणसाला जमताना पाहिलं की 'मलाही जमेल' हा विश्वास वाढतो. फार उंचावरच्या अधिकाऱ्याकडे बघून फक्त टाळ्या पडतात.