भाषण येतं, बोलायला येत नाही

आमच्या मंडळात यंदा चौदा ते सतरा वयाची बारा पोरंपोरी ज्युनियर कार्यकर्ते झालीत आणि त्यांना बोलायला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, का तर मी कॉलेजात वादविवाद स्पर्धा करायचो. पहिल्या रविवारी प्रत्येकाला दोन मिनिटं दिली. निम्म्यांनी सुरुवातच केली "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन वर्ग"!! खाली सतरंजी, समोर मी एकटा, अध्यक्ष कोण ते देवाला माहीत. आता पुणंच असं, १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून भाषणं ऐकणं आणि घरी जाताना त्यातल्या चुका काढणं हा इथला छंद, पोरांना काय बोलणार.

आणि हीच पोरं ग्रुपवर टाकतात "उद्या लवकर या". लवकर म्हणजे किती? एक जण सहाला येऊन कुलूप बघत बसला, दोघं नवाला डुलत आले. मग ठरवलं, मेसेजमध्ये वेळ, जागा आणि काय आणायचं ते पाहिजेच.

खरी मजा वर्गणीच्या तालमीत आली. मी काकू झालो. म्हटलं, "गेल्या वर्षी रात्री दहानंतरही तुमचा स्पीकर चालू, घरात नात तापाने फणफणलेली." एक पोरगा लगेच, "पण काकू, काही दिवस बारापर्यंत परवानगी असते." मुद्दा बरोबर, वर्गणी शून्य. त्याला सांगितलं, आधी काकूंचं म्हणणं तुझ्या शब्दांत परत सांग, मग तुझं. तीनदा तोंडातून "पण"च निसटला बिचाऱ्याच्या. शेवटी कोपऱ्यात पावतीपुस्तकं मोजत बसलेली नववीतली मुलगी म्हणाली, "नात आजारी होती आणि आवाज कमी करा सांगायला कुणी सापडलं नाही, असंच ना?" सापडलं नाही हे मी बोललोच नव्हतो! काकू गप्प.

मग मी उत्साहाच्या भरात ऐकून घेणं किती महत्त्वाचं यावर पंधरा मिनिटं झाडली आणि तेवढा वेळ तिचा हात वर होता ते मला दिसलंच नाही. तिला विचारायचं होतं, यंदा पावतीवर तक्रारीसाठी फोन नंबर छापायचा का.

छापलाय. कुणाचा, तर माझा. परवा पहिला फोन आला, मांडवासाठी खणलेल्या खड्ड्याबद्दल, आणि मी सुरुवातच केली, "पण काकू..."