आलेख बरोबर, बेरीज चूक

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी वायूचा प्रवाह काढणारा एकमितीय लॅग्रांजियन कोड लिहायला घेतला. यात ग्रिड, म्हणजे वायूचे पाडलेले छोटे कप्पे, वायूबरोबरच सरकतं. वेग कप्प्यांच्या कडांवर ठेवायचा, घनता आणि दाब कप्प्याच्या मध्यावर. तपासायला सॉडची १९७८ सालची शॉक ट्यूब घेतली : नळीत पडद्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दाबाचा वायू, पडदा फुटला की उजवीकडे शॉक, म्हणजे दाब एकदम उडी घेतो अशी लाट, धावतो. डावीकडे घनता १, दाब १, उजवीकडे ०.१२५ आणि ०.१, पडदा ०.५ वर. ०.२ इतक्या वेळाला शॉक ०.८५ जवळ पोचायला हवा, हे कागदावरही काढता येतं.

पहिल्याच रनमध्ये शॉकच्या मागे घनतेचा आलेख करवतीच्या दातांसारखा आला. टाइमस्टेप, म्हणजे हिशेबातली वेळेची पायरी, निम्मी केली, कप्पे दुप्पट केले, तरी दात जाईनात. खऱ्या शॉकमध्ये अगदी पातळ थरात गतिज ऊर्जेची उष्णता होते. माझ्या समीकरणांत त्याला वाटच नव्हती, म्हणून ती ऊर्जा कप्प्याकप्प्यांत हेलकावत राहत होती.

यावरचा उपाय व्हॉन नॉयमन आणि रिख्टमायर यांनी १९५० साली दिलाय : दाबात ‘क्यू’ची, म्हणजे कृत्रिम चिकटपणाची, भर घालायची. घनता, गुणिले कप्प्याच्या दोन कडांच्या वेगांतल्या फरकाचा वर्ग, गुणिले एक स्थिरांक. तो वर्ग आहे म्हणून शॉक कितीही जोरकस असला तरी मोजक्याच कप्प्यांत पसरतो. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. क्यू फक्त कप्पा दाबला जात असताना लावायचा, प्रसरणात शून्य.

दात गेले, शॉकही जागेवर दिसला, आणि मी रिपोर्ट लिहायला बसले. सहज एकूण ऊर्जेची बेरीज छापून पाहिली. सुरुवातीला १.३७५ होती, शेवटी १.३७ च्या आसपास. शॉकमागची घनता ०.२६६ हवी, ती ०.२७६ कडे झुकलेली. एवढा फरक आलेखात डोळ्यांना कळतच नाही. दोन दिवस सीमा तपासल्या, मग ओळ सापडली : संवेगाच्या समीकरणात दाब अधिक क्यू होता, ऊर्जेच्या समीकरणात नुसताच दाब. क्यू वेग खात होता, पण त्याची उष्णता कुठे जमाच होत नव्हती. तिथे क्यू घातल्यावर बेरीज जवळजवळ हलेना.

आता ०.६८५ जवळ, दोन वायूंच्या सीमेवर, आंतरिक ऊर्जेचा एक छोटा उंचवटा उरलाय. पडदा फुटतो त्या क्षणी तिथल्या कप्प्यांना क्यू जास्तीची उष्णता देतो आणि लॅग्रांजियन ग्रिडमध्ये ती त्यांच्यातच अडकते. नोहने १९८७ साली यावर कृत्रिम उष्णतावहन सुचवलंय. या आठवड्यात तेच घालून बघतेय.