रोज एक राग, पण तोच तोच नको

आमच्या काकूंच्या गाण्याच्या क्लासचा एक जुना नियम आहे, रियाजाचा राग आपण निवडायचा नाही. कारण एकदम साधं आहे, आपल्यावर सोडलं की आपण यमनच घेतो, फार तर भूप किंवा बागेश्री, आणि ललत, छायानट, शुद्ध सारंग वहीत तसेच पडून राहतात. आणि ग्वाल्हेर घराण्यात हे चालत नाही. इथल्या गायकीचा जोरच प्रचलित रागांवर आहे, अनवट रागांच्या मागे फार न लागता जे राग सगळ्यांना ठाऊक आहेत तेच सगळ्या अंगांनी गाऊन दाखवायचे, ख्याल, तराणा, टप्पा सगळं. मग त्या ठरलेल्या रागांतलाच एखादा महिनोन्‌महिने गळ्यातून गेला नाही तर शिकलं काय?

म्हणून काकूंकडे एक पितळी डबा असायचा, त्यात घडी केलेल्या चिठ्ठ्या. रोज एक काढायची, तो राग गायचा, आणि ती चिठ्ठी परत डब्यात टाकायची नाही, झाकणात ठेवायची. डबा रिकामा झाला की सगळ्या परत आत. आता क्लासमधले निम्मे लोक ग्वाल्हेरचा लश्कर भाग सोडून पुण्याला, बंगळुरूला गेलेत पण रियाज सगळ्यांना एकच हवा असतो, त्यामुळे काकूंनी मला सांगितलं की बाई तू कॉम्प्युटरचं काम करतेस ना, मग हे रोज सकाळी सगळ्यांच्या फोनवर आपोआप जाईल असं बघ. तर गूगल शीटमध्ये रागांची यादी, त्याला जोडलेली छोटी स्क्रिप्ट, तिला रोज पहाटे आपोआप चालू करणारा ट्रिगर, आणि टेलिग्राम बॉटकडून, म्हणजे आपोआप मेसेज टाकणाऱ्या खात्याकडून, ग्रुपवर मेसेज, एवढी ती व्यवस्था. कोणीही एका संध्याकाळी करू शकेल अशी. पण त्यातली "यादीतून एक निवड" ही जी पायरी आहे ना, तीच सगळ्यात महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण तिच्यावरून पटकन पुढे जातात, म्हणून तिच्याबद्दलच लिहितेय.

जवळपास प्रत्येक ऑटोमेशन ॲपमध्ये "रँडम आयटम" अशी तयार पायरी मिळते. ती काय करते, तर प्रत्येक वेळी पूर्ण यादीतून एक उचलते, म्हणजे चिठ्ठी काढली, वाचली, परत डब्यात टाकली. काल काय निघालं होतं याचा तिला पत्ताच नसतो. यादीत 60 राग धरा. दहा दिवसांत एखादा तरी राग दुसऱ्यांदा येण्याची शक्यता किती, तर साधारण 55 टक्के! 60 आहेत आणि दहाच काढायचेत, मनाला वाटतं कशाला रिपीट होईल, पण हिशोब तसाच आहे, 23 माणसं एका खोलीत असली तर त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते ना, तेच गणित.

पण मला रिपीटपेक्षा दुसरी बाजू जास्त खुपते. असेच 60 दिवस गेले तर साधारण 22 राग असे उरतात जे एकदाही आलेले नसतात. एक तृतीयांशाहून जास्त यादी! आणि सगळे 60 राग किमान एकदा यायला सरासरी 281 दिवस लागतात. म्हणजे ज्या कारणासाठी डबा होता तेच कारण गेलं, मारवा बिचारा नऊ-नऊ महिने वाट बघणार. आपल्याला हवं असतं ते "काहीही येऊ दे" असं नसतंच, आपल्याला हवं असतं की प्रत्येकाची पाळी येऊ दे, फक्त कधी येणार ते आधी कळू नये. या दोन गोष्टी एक नाहीत आणि सगळं डिझाइन यावरच बदलतं.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिणाऱ्यांना हा फरक माहीत असतो, तिथे "चॉइसेस" म्हटलं की परत टाकून निवड आणि "सॅम्पल" म्हटलं की परत न टाकता. पण "सॅम्पल" सुद्धा एका रनपुरतंच शहाणं असतं. रोजचा वर्कफ्लो, म्हणजे ही अख्खी साखळी, रोज नव्यानं चालू होतो, काम करतो आणि संपतो, त्यातले व्हेरिएबल, म्हणजे त्यानं तात्पुरतं लक्षात ठेवलेलं, त्याच्याबरोबर जातात. उद्या पहाटे तो परत कोरा. त्यामुळे आठवण बाहेर कुठेतरी ठेवावीच लागते, फाइलमध्ये ठेवा, डेटाबेसमध्ये ठेवा, मी शीटमध्येच ठेवली कारण ती काकूंना उघडून बघता येते. एखादा राग का आला आणि कधी आला होता हे डोळ्यांना दिसलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आत कुठेतरी लपलेली सेटिंग कोणी तपासत नाही.

आठवण ठेवायच्या दोन पद्धती. एक म्हणजे "वापरलेले" अशी यादी करायची, रोज रँडम काढायचं, वापरलेल्यात असेल तर परत काढायचं. सुरुवातीला मस्त चालतं. पण शेवटचा एकच राग उरला की तो सापडायला सरासरी 60 वेळा काढावं लागतं, आणि सगळे संपले आणि कोणी यादी रिकामी केली नाही तर वर्कफ्लो गोल गोल फिरतच राहतो, टाइमआउट होईपर्यंत, म्हणजे वेळेची मर्यादा संपून बंद पडेपर्यंत. दुसरी पद्धत म्हणजे यादी पत्त्यांसारखी एकदाच पिसायची, तो क्रम लिहून ठेवायचा, आणि शेजारी एक आकडा ठेवायचा की आपण कुठवर आलोय. रोज आकडा एकनं पुढे. निवड करायचीच नाही, निवड आधीच होऊन गेलेली असते! मला ही दुसरीच आवडते, कारण तिच्यात शोधणं नाही, तपासणं नाही, अडकणं नाही.

पिसण्याची योग्य रीत जुनी आहे, फिशर आणि येट्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1938 मध्ये कागद-पेन्सिलीनं करायची म्हणून दिली आणि 1964 मध्ये डर्स्टनफेल्डनं ती कॉम्प्युटरसाठी सुटसुटीत केली. यादीच्या शेवटच्या जागेवर जायचं, पहिल्यापासून त्या जागेपर्यंत, ती जागा धरून, कुठलाही एक नंबर काढायचा, त्या नंबरवरचा राग आणि शेवटचा राग यांची अदलाबदल. मग शेवटून दुसरी जागा, परत तेच, पण आता बसलेल्या शेवटच्याला हात लावायचा नाही. 60 रागांना 59 अदलाबदली, संपलं. प्रत्येक क्रम येण्याची शक्यता सारखी.

इथे शॉर्टकट मारू नये, हे अगदी कळकळीनं सांगते. बरेच जण सॉर्ट, म्हणजे यादी क्रमानं लावायची तयार सोय, वापरतात आणि "कोण आधी" या प्रश्नाला दर वेळी नाणेफेक करून उत्तर देतात, एका ओळीत काम होतं म्हणून. पण सॉर्ट हा एकमेकांशी जुळणाऱ्या उत्तरांवर चालतो, त्याला उलटसुलट उत्तरं दिली की काही जागा काहींच्या वाट्याला जास्त येतात. 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टनं युरोपातल्या विंडोजवाल्यांना ब्राउझर निवडायचा स्क्रीन दाखवला, पहिल्या पाच ब्राउझरचा क्रम प्रत्येकाला रँडम दिसावा अशी अपेक्षा होती, तिथे हीच पद्धत होती आणि क्रम असमान निघाला, मग दुरुस्त करावा लागला. सॉर्टच करायचं असेल तर प्रत्येक रागासमोर आधी एक रँडम आकडा लिहा आणि त्या आकड्यावर सॉर्ट करा, ते बरोबर आहे. शीटमध्ये "रँड" फॉर्म्युल्यानं हे होतं, फक्त तो फॉर्म्युला शीटला कुठेही हात लावला की परत नवे आकडे देतो, म्हणून लगेच कॉपी करून फक्त व्हॅल्यू पेस्ट करायच्या, नाहीतर कोणी एका रागाचं शुद्धलेखन सुधारलं तरी अख्खा क्रम हलतो.

आता सांधे. फेरी संपली, यादी नव्यानं पिसली, आणि कालचा शेवटचा केदार आज नव्या फेरीचा पहिला निघाला तर? 60 मध्ये एक शक्यता, पण कधीतरी होणारच, आणि ज्या दिवशी होईल त्या दिवशी ग्रुपवर सगळे म्हणणार की बिघडलं. उपाय एका ओळीचा, नव्या फेरीचा पहिला कालच्या शेवटच्यासारखा असेल तर त्याला पुढच्या कुठल्यातरी जागेशी बदलून टाकायचं. फेरीच्या मध्येच काकूंनी नवा राग शिकवला तर तो शेवटी चिकटवू नये, उरलेल्या भागात कुठेतरी रँडम जागी घुसवावा, म्हणजे त्याचीही पाळी याच फेरीत येते आणि कधी ते कळत नाही.

आणि मेसेज गेला पण आकडा पुढे सरकायच्या आत स्क्रिप्ट मेली तर? किंवा आकडा सरकला आणि मेसेजच गेला नाही? पहिल्यात राग रिपीट होतो, दुसऱ्यात गळतो. दोन्ही शंभर टक्के टाळता येत नाही, एक निवडावं लागतं. आम्ही आधी मेसेज, मग आकडा असं ठेवलंय, कारण एखादा राग दोन दिवस गायला तर कोणाचं नुकसान नाही, पण गळालेला राग आख्खी फेरी गेला. बिलाची आठवण किंवा कूपन पाठवणाऱ्यानं कदाचित उलटं ठरवावं. ट्रिगर एकाच वेळी दोनदा चालू नये म्हणून लॉक पण लावा. आणि हो, गूगलच्या रोजच्या ट्रिगरला तास देता येतो पण त्या तासात नेमकं कधी चालेल ते तोच ठरवतो, म्हणून पाचला रियाजाला बसणाऱ्यांसाठी आमचा चार ते पाचचा आहे.

गाण्याच्या बाबतीत अजून एक गोष्ट होती जी कुठल्याच तयार पायरीत मिळत नाही, ती म्हणजे रागाची ठरलेली वेळ. पहाटे रात्रीचा दरबारी कसा पाठवणार? म्हणून एक यादी न ठेवता ढीग केले, सकाळचा ढीग भैरव, अहिर भैरव, रामकली, तोडी, जौनपुरी, देशकार असा, संध्याकाळ-रात्रीचा पूरिया धनाश्री, मारवा, यमन, हमीर, बिहाग, मालकंस असा, आणि प्रत्येक ढिगाचा आपला क्रम, आपला आकडा. ढीग लहान-मोठे असल्यामुळे फेऱ्या वेगवेगळ्या दिवशी संपतात, संपू द्या, एकमेकांत गुंतवू नका.

मग खरं रँडम असलं की गुच्छ पण येतात. हमीर, केदार, कामोद, छायानट असे चारी शेजारी शेजारी आले तर नवीन मुलांची फार ओढाताण होते, चौघांची चाल इतकी जवळची की कालचा केदार आजच्या कामोदात शिरतो. लोकांना गुच्छ दिसला की ते रँडम वाटतच नाही, ॲपलनं 2005 मध्ये आयट्यून्सला "स्मार्ट शफल" दिलं ते यासाठीच, एकाच गायकाची गाणी लागोपाठ येणं कमी करता यावं म्हणून. आम्ही शीटमध्ये "अंग" नावाचा कॉलम केला, जवळच्या चालीच्या रागांना त्यात एकच नाव, पिसून झालं की क्रमावरून एकदा फिरायचं, शेजारच्या दोघांचं अंग एकच असेल तर दुसऱ्याला पुढच्या पहिल्या वेगळ्या अंगाच्या रागाशी बदलायचं. यानं प्रत्येक क्रम सारख्या शक्यतेचा राहत नाही, मान्य, पण पाळी प्रत्येकाची येतेच आणि आमचं काम तेवढंच आहे. आप्पा, जे क्लासमध्ये सगळ्यात मोठे, त्यांचं म्हणणं वेगळं आहे, ते म्हणतात चौघे लागोपाठ आलेच पाहिजेत, त्याशिवाय फरक गळ्यात बसणार कसा. काकूंनी त्यांचं ऐकून मोठ्यांच्या ग्रुपला तो नियम काढायला लावला, मुलांना तसाच ठेवला.

मल्हारांसाठी वेगळा ढीग आहे, गौड मल्हार, मियाँ मल्हार, सूर मल्हार, मेघ. त्याला फक्त महिन्याची अट, जून ते सप्टेंबर चालू, एरवी बंद, आणि बंद असताना त्याचा आकडा आहे तिथेच थांबतो, शून्यावर येत नाही. म्हणजे मागच्या पावसाळ्यात फेरी जिथे तुटली होती, या जूनमध्ये तिथूनच पुढे सुरू होते.