बॅटरी बँक: अकरा नंबरचा छडा लागला

मंडळी, माझ्या सोलरच्या बॅटरी बँकेतल्या सोळा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलपैकी अकरा नंबरचा सेल ठणठणीत आहे! दुखणं त्याच्या डोक्यावरच्या नटाखाली होतं.

ऊन चढलं की चार्जिंग मधेच तुटायचं, हे मागे लिहिलंच आहे. अ‍ॅबसॉर्प्शन (चार्जिंगच्या शेवटी धरायचं व्होल्टेज) ५५.२ व्होल्टला लावलेलं, पण बँक ५४.६ च्या पुढे जाईना. बाकीचे पंधरा सेल ३.४० वर, हा एकटाच ३.६५ ला टेकलेला, की बीएमएसने (सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटने) तोडलंच. पॅक टॉप बॅलन्स करून (सगळे सेल आधी सारखेच पूर्ण भरून) बांधलेला, त्यामुळे हे पटत नव्हतं. तरी अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर (जास्त भरलेल्या सेलमधला चार्ज कमी भरलेल्यांत सरकवणारं यंत्र) मागवायच्या बेतात होतो. बीएमएसचं बॅलन्सिंग १०० मिलिअँपिअरचं. २८० अँपिअर-अवरच्या सेलमध्ये ५ टक्क्यांचा फरक म्हणजे १४ अँपिअर-अवर, तो काढायला १४० तास!

मग खटकलं ते हे: चार्जिंग तुटलं रे तुटलं, की अकरा नंबर थेट ३.४० वर. खरोखर जास्त भरलेला सेल असा एका झटक्यात उतरत नाही. शिवाय विहिरीचा पंप लावून २० अँपिअरचा लोड आला, की हाच सेल इतरांपेक्षा १०० मिलिव्होल्ट खाली. भरताना वर, वापरताना खाली, म्हणजे दोष सेलमध्ये नाही, जोडात; जोडावर पडणारं व्होल्टेज बीएमएस सेलच्याच आकड्यात धरत होतं.

मल्टिमीटरची एक पिन टर्मिनलच्या अ‍ॅल्युमिनियमवर, दुसरी बसबारवर (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर) धरली. ५० अँपिअर जात असताना शेजारच्या जोडावर २ मिलिव्होल्ट, इथे २४८. म्हणजे ५ मिलिओहम, आणि एका नटाखाली १२ वॅटची शेगडी. बोट ठेववत नव्हतं.

सगळं बंद करून बसबार उतरवला. पंच केलेल्या भोकाच्या कडेला धार उठलेली, पट्टी टर्मिनलवर सपाट बसतच नव्हती. त्या फटीत आमची गुहागरकडची खारी हवा. अ‍ॅल्युमिनियम करडं पडलेलं. पुरवठादाराने सेल एक नंबर दिले, पण सोबतच्या पट्ट्या भंगार. पट्ट्या वेगळ्याच घ्याव्यात, हे माझं ठाम मत.

धार कानशीने उतरवली, टर्मिनल बारीक पॉलिश पेपरने घासून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसलं आणि लगेच अँटी-ऑक्सिडंट पेस्टचा पातळ हात दिला, कारण उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड धरायला वेळ लागत नाही. नट टॉर्क रेंचनेच आवळला. दुपारी बँक ५५.२ वर पोचली, डेल्टा (सगळ्यात वरच्या आणि खालच्या सेलमधला फरक) फक्त १८ मिलिव्होल्ट! तो आकडा किती वेळ बघत बसलो होतो.

बॅलन्सर रद्द. ते पैसे क्लास-टी फ्यूजला (प्रचंड शॉर्ट सर्किट करंटही तोडणारा फ्यूज); एलएफपीच्या शॉर्ट सर्किटपुढे घरगुती एसी एमसीबीच्या भरवशावर राहू नका.

दुसरा पॅक याच महिन्यात जोडणार होतो. पण लिहितालिहिता वाटतंय, सेल चार्ज होताना किंचित फुगतात, ताठ पट्टी तो ताण थेट स्टडवर देते. मग आधी पंधराही पट्ट्या लवचिक बसवतो, दुसरा पॅक दिवाळीनंतर. पातळ पत्र्यांच्या थरांचे तांब्याचे लवचिक बसबार कुणी वापरलेत का? खाऱ्या हवेत वेणीच्या (बारीक तारा विणलेल्या) पट्टीपेक्षा ते टिकतील असा माझा कयास आहे. अनुभव असेल तर जाडीसकट कळवा.