आमची वाटचाल : कुडाळात जीन्सचा रंग उतरवताना

आम्ही कुडाळ एमआयडीसीत जीन्स धुतो. धुतो म्हणजे लॉन्ड्री नाही, कोऱ्या शिवलेल्या जीन्सला जुनेपणा आणतो, मांडीवर फिका पट्टा, गुडघ्यामागे जाळी, शिवणीच्या कडेला पांढरट झालेलं, दुकानात गिऱ्हाईक ज्याला हात लावून बघतं ते सगळं आमच्यासारख्या शेडमध्ये होतं आणि बऱ्याच जणांना वाटतं की कापडच तसं येतं. तसं नसतं हो. शिवून आलेला माल एकसारखा गडद निळा, वर खळ चढवलेली, उभा केला तर उभा राहील इतका कडक.

माझे बाबा लालबागला एका गिरणीत रंगखात्यात होते, १९८२ चा संप झाला आणि आमच्याकडच्या कितीतरी घरांतल्या माणसांसारखे तेही गावी परतले. निळीचं ज्ञान मला त्यांच्याकडून आलं. नीळ म्हणजे इंडिगो, जीन्सचा निळा रंग, ती पाण्यात विरघळत नाही, कॉस्टिक आणि हायड्रोस ही रसायनं घालून तिला विरघळणारी करावी लागते, तेव्हा ती पिवळसर होते, सूत त्यात बुडवून बाहेर काढलं की हिरवट दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. परत बुडवायचं, परत हवा द्यायची, असं करत थरावर थर चढतो पण सुताच्या गाभ्यापर्यंत रंग पोचत नाही. लाल मुळा कापला की वर रंग आणि आत पांढरा, तसंच हे सूत. त्यात डेनिमला उभा धागा तेवढा निळा, आडवा पांढराच. म्हणून वरचं जरा घासलं की आतलं पांढरं दिसायला लागतं, आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. गाभ्यापर्यंत मुरलेला रंग असा सुंदर उतरूच शकत नाही.

मी स्वतः शिकलो उल्हासनगरला, एका वॉशिंग युनिटमध्ये नोकरी करत. तिथं पहिल्यांदा धुण्याच्या मशीनच्या ड्रममध्ये जीन्सबरोबर दगड टाकताना बघितले, घासून रंग उतरावा म्हणून. १८७३ साली जेकब डेव्हिस नावाचा नेवाडातला शिंपी आणि सॅन फ्रान्सिस्कोचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस या दोघांनी खिशाला तांब्याचे रिव्हेट मारायचं पेटंट घेतलं तेव्हा पॅन्ट फाटू नये एवढाच मुद्दा होता, फिकी दिसावी असं कोणाच्या डोक्यात नव्हतं, कामगार वर्षानुवर्षं घालायचे आणि ती आपोआप फिकी व्हायची. पुढं १९६०-७० च्या सुमारास तरुण पोरांना तीच जुनी फिकी जीन्स नवी विकत हवी झाली. दगड आधी कोणी टाकला यावर फ्रान्सचे डिझायनर मारिते आणि फ्रान्स्वा जिरबो, कॅनडाची जीडब्ल्यूजी कंपनी, जपानची एडविन कंपनी असे वेगवेगळे दावे आहेत, मला वाटतं गरजच अशी पडली होती की दोन-तीन ठिकाणी एकदमच सुचलं असणार.

तो दगड म्हणजे प्युमिस, ज्वालामुखीच्या फेसाळ लाव्ह्याचा, इतका हलका की पाण्यावर तरंगतो, आपल्याकडे बाहेरून येतो, तुर्कस्तान, इंडोनेशिया असा. शेड सुरू केली तेव्हा गावातल्या एका काकांनी विचारलं होतं की आपल्या जांभ्याला पण भोकं असतात मग तोच का टाकत नाहीस. प्रश्न चांगला होता पण जांभा जड, आणि लाल दिसतो तोच मुळी लोखंडामुळे, ते लोखंड कापडाला लागलं की तांबूस डाग पडणार.

दगडाचा त्रासही मोठा. घासून घासून त्याचीच वाळू होते, ड्रम झिजतो, गटार तुंबतं, आणि प्रत्येक पॅन्टच्या खिशातून खडे हातानं काढत बसावं लागतं. म्हणून आम्ही मुख्य भर एन्झाइमवर ठेवला. १९८० च्या दशकाच्या शेवटाला सेल्युलेज नावाचं एन्झाइम या धंद्यात आलं, ते सुताच्या वरच्या पृष्ठभागावरचं सेल्युलोज थोडं थोडं तोडतं, त्याबरोबर वरची नीळ सुटते. आधी अमायलेज या दुसऱ्या एन्झाइमनं खळ काढायची, मग सेल्युलेज, पाणी साधारण ५० ते ५५ अंशांवर, आणि रंगाची छटा हवी तशी आली की लगेच पाणी ८० च्या वर न्यायचं नाहीतर सोडा टाकायचा म्हणजे एन्झाइम मरतं. मारलं नाही तर ते कापड खात राहतं आणि पॅन्टची ताकद जाते. आम्लात चालणारं सेल्युलेज झपाझप काम करतं पण सुटलेली नीळ परत पांढऱ्या धाग्यावर आणि खिशाच्या कापडावर जास्त बसते, न्यूट्रलवालं, म्हणजे साध्या, आम्ल नसलेल्या पाण्यात चालणारं, हळू चालतं पण कॉन्ट्रास्ट स्वच्छ येतो, मी न्यूट्रलच्या बाजूचा माणूस आहे, वेळ लागला तरी चालेल. इथं एप्रिल-मेच्या उकाड्यात एन्झाइमचे कॅन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले की जोर कमी होतो म्हणून त्यांची खोली वेगळी बांधली, जाड चिऱ्याच्या भिंतीची.

ॲसिड वॉशबद्दल खूप जण विचारतात. त्यात ॲसिड नसतंच, दगड पोटॅशियम परमँगनेटमध्ये भिजवून पाण्याशिवाय कोरड्या ड्रममध्ये कपड्यांबरोबर फिरवायचे, जिथं दगड टेकला तिथं रंग उडतो. १९८६ मध्ये इटलीच्या रायफल कंपनीनं त्याचं पेटंट घेतलं होतं. त्यानंतर कापडावर राहिलेला तपकिरी डाग मेटाबायसल्फाइट नावाच्या रसायनानं काढावा लागतो. नुसत्या ब्लीचचं काम मात्र आम्ही कमी घेतो. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल टाकते ना, त्याच जातीचं क्लोरीन हे, रंग पटकन उडतो पण सूतही दुबळं होतं आणि धुताना पूर्ण निघालं नाही तर कपाटात पडल्या पडल्या पिवळं पडतं.

सँडब्लास्टिंग मात्र पहिल्या दिवसापासून नाही म्हणजे नाही. वाळूचा मारा करून मांडी फिकी करायची, काम मिनिटात होतं, पण सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तुर्कस्तानात जीन्स फिकी करणारी तरणी पोरं त्यानं गेली, २००९ मध्ये तिथं बंदी आली, पुढच्या वर्षी लेव्हाइस आणि एचअँडएमनंही हे थांबवायचं जाहीर केलं. एक पार्टी मोठा लॉट घेऊन आली होती, तिला तेच हवं होतं, आम्ही लॉट परत पाठवला. आमच्याकडे हवा भरलेल्या रबरी पायांवर पॅन्ट चढवतात आणि एमरी पेपरनं हातानं घासतात, हे काम आजूबाजूच्या गावांतल्या ताई करतात, मास्क आणि धूळ ओढणारा पंखा लावून. व्हिस्कर म्हणजे बसल्यावर जांघेत पडतात त्या आडव्या रेषा, त्या कुठं गडद कुठं पुसट हे शिकवून येत नाही, बघून बघून हातात बसतं, माझ्याही हातात त्यांच्याइतकं नाही बसलेलं.

कोकणात हा धंदा कशाला काढला असं घाटावरचे लोक विचारतात. पाणी आहे म्हणून. पण त्याच पाण्याची काळजीही आहे. बोअरच्या पाण्यात लोखंड असतं, ते गाळून घेतल्याशिवाय ड्रममध्ये सोडत नाही. जून ते सप्टेंबर बाहेर काहीच वाळत नाही, सगळा भार टंबलरवर, म्हणजे गरम हवेनं कपडे वाळवणाऱ्या मशीनवर, आणि घाट बंद झाला की कोल्हापूरचा माल अडकतो. ते सगळं चालतं. वापरून झालेल्या पाण्याचं मात्र चालत नाही. उल्हासनगरला असताना मी वालधुनीचं पाणी बघितलंय, तिथली जीन्स धुणारी युनिटं पुढं प्रदूषणाच्याच कारणावरून बंद झाली. इथं शेडच्या खाली भातशेती आणि त्याच्या पलीकडे लोकांच्या विहिरी. बाबांनी पाया खणताना एकच सांगितलं होतं, तां निळां पाणी व्हाळात जावक नको. म्हणून ड्रम घ्यायच्या आधी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बांधला, कर्ज त्याच्यामुळंच वाढलं. नीळ मुळात न विरघळणारी, त्यामुळे तुरटी आणि चुना घालून बरीचशी खाली बसते, खरा त्रास खळीचा, ती पाण्यातला ऑक्सिजन ओढते, तिच्यासाठी हवा देणारी टाकी लागते. मग वाळू, मग कोळसा, आणि निघालेलं पाणी पहिल्या खळ काढायच्या धुण्याला परत. गाळ परवाना असलेल्या गाडीतूनच जातो.

सध्या ओझोन मशीनचं बोलणं चालू आहे. बंद चेंबरमध्ये ओलसर कपड्यावर ओझोन सोडला की नीळ उडते, पाणी आणि केमिकल दोन्ही वाचतं, एन्झाइमनंतर पांढऱ्या धाग्यावर परत बसलेली नीळ साफ करायला तर ते फार छान आहे. सेकंड हँड मशीन परवडतं, पण ओझोन श्वासात गेला तर वाईट, दार उघडायच्या आधी आतला ओझोन मोडून टाकणारं युनिट त्याच्याबरोबर येत नाही, वेगळं घ्यावं लागतं. त्याचे पैसे जमले की दोन्ही एकदम बसवू, तोपर्यंत ज्यांना ओझोनचं सॅम्पल हवंय त्यांनी थोडं थांबावं, बाकी वॉश रोज चालू आहेत.